माशांचं सांडपाणी, बॉयलरचा धूर आणि हिरवं पीक: १०० चौरस मीटरच्या शैवाल तलावाची उभारणी

मत्स्यपालनाच्या टाक्यांतून निघणाऱ्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो आणि ऊन फुकट मिळतं. कागदावर हे त्रिकूट छान जमतं. प्रत्यक्षात तलाव फसतात ते बहुधा दोन चुकांमुळे. पाण्यातला नायट्रोजन न मोजताच उत्पादनाचे आकडे धरलेले असतात, आणि धूर जितका जास्त तितकं पीक जास्त, असं समजून तो ढोसला जातो. धूर किती हवा हे शैवालच पीएचमधून, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणाऱ्या आकड्यातून, सांगतं. वायूची झडप त्या आकड्याच्या हाती द्यायची, माणसाच्या नाही.

आधी हिशेब, मग खोदकाम

कोरड्या शैवालात साधारण निम्मा कार्बन, ७ ते १० टक्के नायट्रोजन आणि सुमारे १ टक्का फॉस्फरस असतो. एक किलो कोरड्या शैवालाला अंदाजे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. उघडा उथळ तलाव चांगल्या उन्हात रोज चौरस मीटरला १० ते २० ग्रॅम देतो. हिशेबाला १२ धरा. म्हणजे १०० चौरस मीटरला रोज १.२ किलो. त्यासाठी नायट्रोजन ८ टक्क्यांनी ९६ ग्रॅम, फॉस्फरस १२ ग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास २.२ किलो.

हा नायट्रोजन माशांच्या खाद्यातून येतो. प्रथिनाला ६.२५ ने भागलं की नायट्रोजन मिळतो. ४० टक्के प्रथिनाच्या एक किलो खाद्यात तो ६४ ग्रॅम असतो. मासा त्यातला पाव ते एक-तृतीयांश अंगी लावतो, काही भाग विष्ठेच्या गाळात जातो, आणि साधारण ३० ग्रॅम पाण्यात विरघळलेला हाती लागतो. म्हणजे आपल्या तलावामागे रोज तीन-सव्वातीन किलो खाद्य खाणारा मत्स्यसाठा हवा. एवढे मासे नसतील तर तलाव लहान करा. खत घालून भागवता येतं, पण मग सांडपाणी वापरण्यात अर्थ राहिला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर त्यातून जास्तीत जास्त २०० ते २८० मिलिग्रॅम शैवाल होईल. ८ टक्क्यांच्या हिशेबाने २५०. ही त्या पाण्याची कमाल मर्यादा आहे. त्यावर कितीही ऊन पडो, कितीही धूर सोडा. १.२ किलो पिकासाठी असं ४.८ घनमीटर पाणी रोज लागेल. २० सेंटिमीटर खोल तलावात २० घनमीटर मावतं, म्हणजे पाण्याचा मुक्काम चार दिवसांहून थोडा जास्त. तेच पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या बंद प्रणालीत नायट्रेट-नायट्रोजन (नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन) लिटरमागे ६० मिलिग्रॅमच्या घरात असेल तर तेच पीक १.६ घनमीटरमध्ये निघतं आणि काढणी तिप्पट सोपी होते. म्हणून पाणी शक्यतो अशा प्रणालीतून घ्या.

चाचणी संच वाचताना एक घोळ हमखास होतो. काही संच ‘नायट्रेट’ दाखवतात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’. पहिल्या आकड्याला ४.४३ ने भागल्यावर दुसरा मिळतो. संचावर ९० दिसले म्हणून ९० नायट्रोजन धरणारा माणूस तलाव चौपट मोठा बांधून बसतो.

धुराचा हिशेबही असाच. नैसर्गिक वायूच्या बॉयलरच्या धुरात साधारण ८ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. ८ टक्के धरले तर एक घनमीटर धुरात सुमारे १४४ ग्रॅम. एक मीटर खोल खड्ड्यातून बुडबुडे सोडले आणि त्यातला ४० टक्के वायू विरघळला असं मानलं, तर दिवसाला सुमारे ३८ घनमीटर धूर पुरतो. नऊ-दहा तासांच्या उन्हात म्हणजे मिनिटाला ६५ लिटर. झडप अर्धा वेळच उघडी राहणार, म्हणून ब्लोअर मिनिटाला १३० लिटरचा. बॉयलरच्या एकूण धुरापुढे हे नखाएवढं आहे. धूर स्वच्छ करण्याचे मोठे दावे अशा तलावावर करू नयेत.

कोणतं शैवाल

गोड्या पाण्यासाठी क्लोरेला किंवा सेनेडेस्मस. क्लोरेला झपाट्याने वाढतं, पण पेशी इतक्या बारीक की खाली बसायचं नाव घेत नाहीत. सेनेडेस्मसच्या पेशी चार-चारच्या रांगेने राहतात, लवकर बसतात, म्हणून पातळ पाण्याच्या या पद्धतीत ते जास्त सोयीचं. उष्ण हवेत क्लोरेला सोरोकिनियाना चाळिशीच्या आसपासचं तापमानही सोसतं. खाऱ्या पाण्याला नॅनोक्लोरोप्सिस किंवा टेट्रासेल्मिस. स्पिरुलिना कापडाने गाळता येते म्हणून मोह होतो, पण तिला लिटरमागे १०-१६ ग्रॅम खायचा सोडा आणि साडेनऊ-दहाचा पीएच लागतो. असं पाणी माशांकडे परत पाठवता येत नाही, आणि रोज पाणी बदलायचं म्हटलं तर सोडाही रोज वाहून जातो. इथे ती नको.

विकतचं शुद्ध वाण मिळत असेल तर घ्या, पण एक साधी गोष्ट जोडीला करा. गाळलेलं मत्स्यपाणी पारदर्शक बाटलीत भरून आठवडाभर उजेडात ठेवा आणि रोज हलवा. जे हिरवं येईल ते त्या पाण्याला सरावलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चार पेशींच्या रांगा किंवा गोल हिरवे ठिपके दिसले तर ते वाढवण्याजोगं आहे. वर निळसर-हिरवी साय धरली आणि कुबट वास आला तर ओतून द्या. नील-हरित जीवाणूंपैकी काही विषारी असतात.

विरजण

दुधाला विरजण लागतं तसंच तलावाला, आणि तेही भरपूर. २५० मिलिलिटर चंबूपासून २ लिटर, २० लिटर, २०० लिटर, २ घनमीटर आणि शेवटी २० घनमीटर अशी दसपटीने चढण. प्रत्येक पायरीला पाच ते सात दिवस. चंबूत बीजी-११ हे प्रयोगशाळेतलं द्रावण वापरा, पांढरा एलईडी १५-२० सेंटिमीटरवर रोज १६ तास, आणि ०.२ मायक्रॉन गाळणीतून हवा. २० लिटरपासून मत्स्यपाणी मिसळायला लागा: आधी पाव, मग निम्मं, २०० लिटरला पूर्ण. धूरही २०० लिटरच्या टप्प्यापासूनच दाखवा. शुद्ध हवेवर वाढवलेलं शैवाल एकदम तलावात धुरासमोर उभं केलं तर पहिल्या दोन दिवसांतच फिकट पडतं.

पाणी तयार करणं

पाणी घेण्याआधी मत्स्यटाक्यांची औषधांची वही मागा. तुरटीपेक्षा साधा दिसणारा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, शैवालाला माशांपेक्षा फार आधी मारतो. फॉर्मलिन आणि जंतुनाशकांचंही तेच. औषध झाल्यावर टाकीचं पाणी पूर्ण बदलेपर्यंत त्या टाकीला हात लावू नका.

गाळ बसायला एक-दोन तास द्या किंवा ६० मायक्रॉनच्या फिरत्या गाळणीतून घ्या, मग ५-१० मायक्रॉनची पिशवी. तरंगता कचरा राहिला तर उजेड अडतो आणि रोटिफरसारख्या, शैवालावर चरणाऱ्या सूक्ष्म जीवांचं फावतं. पाणी नितळ असेल तर अतिनील दिवा उपयोगी पडतो, गढूळ पाण्यात तो नुसता वीज खातो. पहिल्या भरणीला क्लोरीन लावायचं असेल तर लिटरला ५-१० मिलिग्रॅम सक्रिय क्लोरीन, रात्रभर थांबा, आणि उरलेल्या प्रत्येक मिलिग्रॅम क्लोरीनला ७ मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेटचे खडे. चाचणीत शून्य आल्याशिवाय विरजण टाकू नका.

मत्स्यपाण्यात लोह बहुधा कमी पडतं. लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम लोह, ईडीटीएशी (लोह विरघळलेलं ठेवणाऱ्या रसायनाशी) बांधलेलं, एवढं पुरतं. साधं फेरस सल्फेट टाकलं तर काही तासांत गंज होऊन तळाला जातं.

क्षारता, म्हणजे आम्ल पचवून पीएच सांभाळण्याची पाण्याची ताकद, हा भाग बरेच जण टाळतात आणि मग पस्तावतात. मत्स्यटाकीच्या जैविक गाळणीत अमोनियाचं नायट्रेट होताना प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमहून अधिक क्षारता खर्च होते. त्यामुळे येणारं पाणी आधीच पोकळ असतं. धुरातला थोडासाही गंधक अशा पाण्याचा पीएच धाडकन पाडतो. क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात १५० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. १०० मिलिग्रॅम वाढवायला घनमीटरला १६८ ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे २० घनमीटरला ३.४ किलो.

तलाव

उथळ, अंडाकृती, मधे भिंत आणि पाणी गोल फिरवणारं पॅडलचं चाक. १९५० च्या दशकात विल्यम ऑस्वाल्ड यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगांत घरगुती सांडपाण्यावर अशी शैवालाची तळी अभ्यासली; त्या आराखड्यात बदलण्यासारखं आजही फारसं नाही. २५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, प्रत्येक वाट २ मीटरची. तळ सपाट, वर एक मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर.

वेग सेकंदाला २० ते २५ सेंटिमीटर. मोजायला यंत्र नको: वारा नसताना लिंबू सोडा, ५ मीटर जायला २० ते २५ सेकंद लागले की झालं. सरळ वाटेवर लिंबू बरोबर चालतं आणि वळणानंतर आतल्या भिंतीशी घुटमळतं. जिथे ते घुटमळतं तिथे दोन दिवसांत गाळ बसतो, कुजतो आणि तिथूनच वास सुरू होतो. वळणात दोन वक्र पडदे बसवा, नाहीतर ती जागा जन्मभर झाडत राहावी लागते.

चाकाच्या समोरच्या वाटेत, आडवा, पूर्ण रुंदीचा एक मीटर खोल खड्डा. त्यात मधोमध उभा पडदा: पाणी एका बाजूने खाली उतरतं, दुसऱ्या बाजूने वर येतं. बुडबुड्यांचे बारीक छिद्रांचे नळ उतरत्या बाजूला तळाशी ठेवा, म्हणजे पाणी खाली आणि बुडबुडा वर असा सामना होतो आणि वायूला विरघळायला वेळ मिळतो. उतरत्या बाजूची लांबी अर्धा मीटर ठेवली तर तिथला वेग सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आत राहतो. जास्त झाला तर पाणी बुडबुड्यांना पडद्याखालून ओढून नेतं.

धुराची वाट

नैसर्गिक वायू, एलपीजी किंवा हायड्रोजन सल्फाइड काढलेला बायोगॅस जाळणारा बॉयलर निवडा. कोळसा आणि फर्नेस तेलाच्या धुरात गंधक, राख आणि जड धातू येतात. त्या शैवालाचं खाद्य करायचं मनातही आणू नका. नायट्रोजनच्या ऑक्साइडची धास्ती मात्र वाटते तेवढी खरी नाही. त्यात बहुतांश नायट्रिक ऑक्साइड असतो आणि तो पाण्यात जेमतेम विरघळतो.

जोडणीचा क्रम असा:

१. बॉयलरच्या जबाबदार तंत्रज्ञाच्या परवानगीने, उष्णता काढून घेणाऱ्या भागानंतर धुराच्या नळाला २५ मिलिमीटरचा फाटा.

२. ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाची थंड करणारी गुंडाळी. वायूच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांखाली पाणी होऊ लागते आणि ते पाणी आम्ल असतं. साधं लोखंड काही महिन्यांत चाळण होतं. पुढे पॉलिप्रॉपिलीन चालतं.

३. पाणी गोळा करणारं भांडं, खाली पाण्याचा अडसर असलेला निचरा. ब्लोअर ३०० मिलिमीटर पाण्याइतकं ओढत असेल तर अडसर ४०० मिलिमीटरहून खोल हवा, नाहीतर तो बाहेरची हवा ओढतो आणि धूर पातळ होतो.

४. सोड्याच्या पाण्याने धुणारा स्तंभ. या पाण्याचा पीएच ६ ते ७ ठेवा. त्याहून अल्कधर्मी ठेवलं तर गंधकाबरोबर आपल्याला हवा असलेला कार्बन डायऑक्साइडही तिथेच शोषला जातो.

५. तुषार अडवणारी जाळी, मग तेलविरहित साइड-चॅनल ब्लोअर. एक मीटर पाणी म्हणजे १०० मिलिबार, छिद्रांचा अडथळा आणखी २० ते ५०. दीडशे-दोनशे मिलिबारचा ब्लोअर घ्या.

६. वायूचा प्रवाह दाखवणारा रोटामीटर, त्रिमार्गी विद्युत झडप, उलटरोधक झडप. झडप बंद असताना धूर परत धुराड्याकडे वळला पाहिजे, नाहीतर ब्लोअर कोंडून तापतो. पाण्यात उतरण्याआधी नळाला पातळीच्या वर एक उलटा यू द्या. वीज गेली की पाणी मागे चढतं आणि ब्लोअर तलावाच्या पाण्याने भरतो.

छिद्रांपाशी धूर ४० अंशांच्या खाली असावा. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र ब्लोअरपाशी आणि खड्ड्यापाशी, दोन्हीकडे. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर थंड झाल्यावर खड्ड्यात साचतो, म्हणून रिकाम्या खड्ड्यात नळ दुरुस्त करायला एकट्याने, वायू न मोजता कधीच उतरू नका.

झडप पीएचच्या हाती

पीएच ८.० ला झडप उघडते, ७.८ ला बंद होते. उजेड असताना शैवाल कार्बन खातं, पीएच चढतो, झडप उघडते. ढग आले की भूक मंदावते आणि झडप आपोआप कमी उघडते. रात्री पूर्ण बंद. अंधारात शैवाल स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यावर धूर सोडला तर पाणी आंबट होतं.

पीएच साडेआठच्या वर रेंगाळू देऊ नका. ९.२५ ला, २५ अंश तापमानात, निम्मा अमोनिया वायुरूप होतो आणि उडतो; फॉस्फेटही कॅल्शियमसोबत तळाला जाऊ लागतो. चाचणीत पाणी झकास स्वच्छ दिसतं, पण नायट्रोजन शैवालात गेलेलाच नसतो. खात्री करायची तर पाण्यातला कमी झालेला नायट्रोजन आणि काढलेल्या पिकाचे ८ टक्के, हे दोन आकडे शेजारी मांडा. जमले नाहीत तर उरलेला उडाला, बसला किंवा काढणीच्या निवळीबरोबर निसटला.

पीएचची कांडी हाच या व्यवस्थेचा कच्चा दुवा. तिच्यावर हिरवा थर धरला की तो थर स्वतः प्रकाशसंश्लेषण करतो आणि कांडीपाशीच पीएच जास्त दिसतो. झडप उघडी राहते, तलाव आंबट होत जातो, आणि संध्याकाळपर्यंत रंग उतरतो. दर आठवड्याला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, ७ आणि १० च्या द्रावणांनी जुळवा. त्यावर दोन कुलपं: सलग दहा मिनिटांहून जास्त झडप उघडी राहिली तर बंद, आणि ७.२ च्या खाली भोंगा.

भरणी आणि रोजचं काम

पहिल्या दिवशी १०-१२ सेंटिमीटरच भरा आणि २ घनमीटर विरजण टाका. दोन-तीन दिवस निम्मा उजेड अडवणारी जाळी वर धरा, कारण पातळ विरजण कडक उन्हात भाजतं. गडद झालं की २० सेंटिमीटरपर्यंत भरा. पुढचे चार-पाच दिवस काढणी नाही.

त्यानंतर उन्हं कलताना ४.८ घनमीटर काढा, सकाळी तितकंच पाणी भरा. रात्रीच्या श्वसनात पिकाचा काही वाटा जळतो, म्हणून संध्याकाळची काढणी फायद्याची. आठवड्यातून दोनदा १०० मिलिलिटर पाणी तोललेल्या काचतंतूच्या गाळणकागदातून गाळून १०५ अंशांवर वाळवा आणि परत तोला. सोबत पांढरी बशी पाण्यात बुडवून किती सेंटिमीटरवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवा. महिन्याभरात बशीवरूनच वजन सांगता येतं.

तब्येतीची सगळ्यात स्वस्त तपासणी: ऐन उन्हात झडप तासभर बंद ठेवा. पीएच चढायलाच हवा. जागचा हलला नाही तर रंग कितीही हिरवा दिसो, आत काहीतरी बिघडलंय.

बिघडतं ते असं

एका-दोन दिवसांत पाणी निवळलं आणि तपकिरी फेस आला तर रोटिफर. शंभरपट मोठं करून रोज एक थेंब पाहिला तर ते आधीच दिसतात. मिलिलिटरला दोन-चार दिसताच ६० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून सगळं पाणी फिरवा. शैवाल पार होतं, रोटिफर अडकतात. तेवढ्याने भागलं नाही तर दोन तास पीएच ३ पर्यंत उतरवतात. पण त्यात सगळी क्षारता संपते, नंतर सोडा पुन्हा भरावा लागतो.

एकसारखं पिवळं पडलं तर आधी नायट्रोजन मोजा, तो असेल तर लोह पाहा. दुपारी वाढ थांबते आणि पाण्यात ऑक्सिजन संपृक्ततेच्या दुपटी-तिपटीवर असेल तर चाक मंद आहे, वेग वाढवा.

काढणी

लिटरला पाव ग्रॅम म्हणजे जवळपास पाणीच. ते थेट सेंट्रिफ्यूजमधून काढणं विजेला परवडत नाही. आधी गोळे करून बसवा. पीक खाद्यात जाणार असेल तर कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा, गोळे करणारा पदार्थ): १ टक्का असेटिक आम्लात लिटरला १० ग्रॅम विरघळवा, आणि लिटरला १० ते ४० मिलिग्रॅम या पल्ल्यात सहा ग्लासांत चाचणी घ्या. एक मिनिट जोरात ढवळा, पंधरा मिनिटं हळू, अर्धा तास स्थिर. ज्या सगळ्यात कमी मात्रेला वरचं पाणी नितळ होतं तीच खरी. जास्त टाकलं तर गोळे पुन्हा फुटतात, आणि उरलेलं कायटोसान माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतं. तुरटी स्वस्त, पण ॲल्युमिनियम पिकात उतरतं; तो माल खाद्याला नाही. चुन्याने पीएच १०.५-११ केला तरी शैवाल बसतं, आणि वरचं पाणी पुन्हा साडेसातवर आणायला आपल्याकडे धूर आहेच.

खाली दीड टक्क्याचा सुमारे ८० लिटर काला उरतो. कापडी पिशवी किंवा लहान सेंट्रिफ्यूजने तो ६ ते ८ किलो लगद्यावर येतो. लगदा उन्हाळ्यात काही तासांत नासतो. ४ अंशांवर दोन-तीन दिवस टिकतो, नाहीतर ३-५ मिलिमीटरच्या थरात ६० अंशांच्या खाली वाळवून ओलावा १० टक्क्यांखाली आणा.

क्लोरेलाचं पेशीकवच चिवट असतं. मासा ते नीट पचवत नाही. पेशी फोडायचं यंत्र नसेल तर कायटोसान न टाकलेलं ताजं हिरवं पाणी मोइना किंवा डॅफ्निया या पाण्यातल्या बारीक जीवांना चारा आणि ते माशांच्या पिलांना द्या. कुठल्याही वाटेने खाद्यात जाणार असेल तर शिसं, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिकची तपासणी आधी, आणि बॉयलरचं इंधन बदललं की पुन्हा.

निवळ पाणी माशांकडे लगेच सोडू नका. एक दिवस उघड्या टाकीत हवा देऊन ठेवा, म्हणजे जादा ऑक्सिजन निघून जातो. तो तसाच गेला तर माशांच्या रक्तात बुडबुडे होतात. मग अमोनिया, नायट्राइट आणि पीएच पाहा, आणि पहिल्या काही खेपांना चार-पाच मासे त्या पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी मुख्य झडप उघडा.